मेजावरचा इंटरनेट फोन मुका होतो तेव्हा

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांतील एक जाडजूड गठ्ठा, पत्रलेखक परस्परांना सर्वथा अपरिचित असूनही, एकाच कैफियतीचा निघाला. घरात इंटरनेट उत्तम चालते, दूरचित्रवाणी संचावर चित्रपट दिसतात, मुलांचे वर्ग भरतात, मग मेजावर ठेवलेला हा फोनच तेवढा का बोलत नाही? पत्रे लिहिणाऱ्यांत वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, घरच्याच एका खोलीत दवाखाना चालविणाऱ्या दंतवैद्य भगिनी आहेत, आणि कचेरीने हा संच घरी पाठवून दिला म्हणून तो नाइलाजाने सांभाळणारी पुष्कळ नोकरदार मंडळी आहेत. बहुतेकांनी पहिल्याच दिवशी एक चूक केलेली असते. फोन बोलेना म्हणताच त्यांनी दिसेल ते बटण दाबून तो 'कारखान्यातून आला तसा' करून टाकलेला असतो, आणि त्यामुळे मूळचा बिघाड राहतो बाजूला व नवा बिघाड घरी येतो.

बाह्यतः हा संच जुन्या दूरध्वनीसारखा दिसत असला तरी वस्तुतः तो एक छोटा संगणक आहे, आणि त्याच्याविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्मा गोंधळ मिटतो. फोन लागला, वाजला, उचलला, ठेवला हे निरोप एका वाटेने जातात. या निरोपांच्या पद्धतीला सिप म्हणतात. प्रत्यक्ष आवाज आरटीपी नावाच्या दुसऱ्याच वाटेने जातो. म्हणूनच घंटा खणखणीत वाजते आणि उचलल्यावर मात्र शुकशुकाट असतो, हा चमत्कार येथे नित्याचा आहे.

प्रथम लक्षण लिहून काढावे

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्याला बोलू देतो, तद्वत् आपणही कोणतीही तार उपटण्यापूर्वी एका कागदावर पुढील तपशील टिपून ठेवावा.

- पडद्यावर काय दिसते: काहीच नाही, 'नेटवर्क नाही', की फोन नोंदला गेल्याची खूण?
- बाहेर फोन लागतो का, आणि आत येतो का? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात.
- आवाज कोणाला येत नाही: आपल्याला, समोरच्याला, की दोघांनाही?
- संभाषण तुटत असेल तर किती वेळाने? घड्याळ लावून पाहावे; 'थोड्या वेळाने' हे उत्तर येथे निरुपयोगी आहे.
- बिघाड दिवसभर असतो की ठराविक वेळी?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे नेमकी असतील तर पुष्कळदा निदान तेथेच होते. कसे, ते पुढे येईल.

वीज आणि तार

पडदा काळाच असेल तर बिघाड बहुधा विजेचा असतो. कचेरीत हे फोन नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेतात. पीओई नावाच्या त्या व्यवस्थेत साधारण ४८ व्होल्टचा दाब तारेतून येतो, आणि त्यासाठी कचेरीतला स्विच त्या जातीचा असावा लागतो. घरचा राउटर बहुधा तशी वीज देत नाही. कचेरीतून संच आणताना अडॅप्टर सोबत आला नसेल, तर राउटरला कितीही सुबक जोडणी केली तरी फोन जागा होणार नाही. संचाच्या मॉडेलला साजेसा अडॅप्टर किंवा पीओई इंजेक्टर मागवून घ्यावा. घरात पडलेला दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर 'पिन बसते आहे' एवढ्याच आधारावर लावू नये. त्याचा व्होल्टेज संचाच्या पाठीमागच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे.

वीज आहे पण 'नेटवर्क नाही' असे दिसते, तेव्हा संचाची पाठ पाहावी. तेथे एकसारखी दोन भोके असतात. एकावर 'लॅन' वा 'इंटरनेट' आणि दुसऱ्यावर 'पीसी' असे लिहिलेले असते. राउटरकडून येणारी तार पहिल्यात जावयाची असते. दुसरे भोक फोनमधून पुढे संगणकाला जोडणी देण्यासाठी आहे. पत्रांच्या गठ्ठ्यातील किमान तीन प्रकरणे केवळ या अदलाबदलीची होती. दुसरी अदलाबदल फायबरच्या डब्यापाशी होते. त्या डब्यावर जुना साधा दूरध्वनी जोडण्यासाठी एक लहान भोक असते आणि 'फोन' अशी त्यावर खूण असते. ती पाहून आपला फोनही तेथेच जोडायचा असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा आहे. त्यातही पंचाईत अशी की, जुन्या दूरध्वनीची बारीक तार नेटवर्कच्या मोठ्या भोकातही सैलसर बसते आणि सर्व काही ठीक असल्याचा भास निर्माण करते.

तार बदलून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे. दरवाजाच्या फटीतून ओढलेली, खाटेच्या पायाखाली चेंगरलेली तार बाहेरून धडधाकट दिसते.

फोनला घरात पत्ता मिळाला आहे का?

संचाच्या मेनूत 'स्टेटस' हा विभाग असतो. तेथे आयपी पत्ता दिसतो. तो बहुधा १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होईल. तसे असल्यास राउटरने फोनला घरात जागा दिली आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, किंवा नुसतीच शून्ये असतील, तर राउटरशी बोलणे झालेले नाही. अशा वेळी राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करावा, तो स्थिरावू द्यावा, आणि मगच फोन चालू करावा. हा क्रम उलटा झाल्यास फोन आधी उठतो, पत्ता मागतो, देणारा कोणी नसतो, आणि काही संच मग रुसून बसतात. कचेरीतून आलेल्या संचात 'व्हीलॅन' नावाची एक नोंद राहून गेलेली असते. कचेरीच्या जाळ्यासाठी आवश्यक असलेली ही नोंद घरी पत्ता मिळण्यात अडथळा आणते. ती बंद करावी, अथवा कचेरीच्या संगणक विभागाकडून करवून घ्यावी.

नोंदणी होत नसेल तर

पत्ता मिळाल्यानंतर फोन सेवादात्याच्या, म्हणजे फोनची सेवा देणाऱ्या कंपनीच्या, सर्व्हरकडे हजेरी लावतो. ही हजेरी लागली नाही तर आत येणारा एकही फोन वाजणार नाही. पडद्यावर वा नोंदवहीत तीन आकडी संकेत दिसतो. त्यांपैकी आपल्या कामाचे थोडेच आहेत.

- ४०१: एकदा दिसला तर घाबरू नये. सर्व्हर परवलीचा शब्द मागतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हापुन्हा दिसला तर शब्द चुकला आहे.
- ४०३: प्रवेश नाकारला. परवलीचा शब्द चुकीचा, किंवा खाते थकबाकीमुळे वा अन्य कारणाने रोखलेले.
- ४०४: असे खाते वा असा क्रमांक तेथे नाही. अक्षरे पुन्हा ताडून पाहावीत.
- ४०८: उत्तरच आले नाही. निरोप वाटेत अडला; संशय घरच्या राउटरवर वा इंटरनेट पुरवठादारावर घ्यावा.

परवलीचा शब्द येथे दोन प्रकारचा असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर बिल पाहण्यासाठी लागणारा शब्द वेगळा आणि फोनच्या सिप खात्याचा वेगळा. दुसऱ्याच्या जागी पहिला टाकला, की पुन्हापुन्हा ४०१ किंवा ४०३ ठरलेला. फोनचे घड्याळही पाहून घ्यावे. सर्व्हरशी बोलणे कूटबद्ध असेल आणि फोन आपल्या समजुतीने पाच वर्षे मागे असेल, तर सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते आणि तो हजेरीच लावत नाही.

घंटा वाजते, आवाज नाही

आता ज्या विकाराने सर्वाधिक वाचक त्रस्त आहेत त्याकडे वळू. तो समजण्यासाठी राउटरची भूमिका थोडी समजून घेणे प्राप्त आहे. घरातली सर्व यंत्रे बाहेर जगाला एकाच पत्त्याने दिसतात. राउटर हा देवडीवर बसलेला कारकून आहे. कोणी आतून बाहेर पत्र पाठविले की तो वहीत टिपून ठेवतो आणि त्या पत्राचे उत्तर आले की योग्य खोलीत पोचवितो. ज्याची वहीत नोंद नाही असा बाहेरचा कागद तो दारातच टाकून देतो. नियम चोख आहे, पण फोनच्या दृष्टीने जाचक आहे, कारण फोनने पाठविलेल्या निरोपाच्या मजकुरात घरातला खासगी पत्ता लिहिलेला असतो. समोरचा त्या पत्त्यावर आवाज पाठवू लागतो आणि तो पत्ता बाहेरच्या जगात अस्तित्वातच नसतो. परिणामी समोरच्याला आपले ऐकू येते, आपल्याला त्याचे येत नाही.

यावर उपाय म्हणून राउटर बनविणाऱ्यांनी एक सोय केली आणि तीच पुढे उपद्रव ठरली. सिप एएलजी या नावाची ही सोय म्हणजे पत्र फोडून आतला पत्ता आपल्या अकलेने 'दुरुस्त' करणारा अतिउत्साही कारकून. सेवादात्याचा सर्व्हर पत्त्याची ही तफावत आजकाल बहुधा स्वतःच हाताळतो. त्यावर या कारकुनाने केलेली अर्धवट दुरुस्ती निरोपाचा पुरता विचका करते. म्हणून माझा आग्रह असा की, आवाजाची कोणतीही तक्रार असो, राउटरच्या पानावर जाऊन सिप एएलजी ही खूण प्रथम काढून टाकावी व राउटर आणि फोन दोन्ही नव्याने चालू करावेत. ती 'सुरक्षा', 'नॅट' वा 'प्रगत' अशा शीर्षकांखाली दडलेली असते. पुरवठादाराने दिलेल्या डब्यात ती आपल्या हाती नसेल, तर त्याच्या तक्रार केंद्राकडून ती बंद करवून घ्यावी. मागणी नेमक्या याच शब्दांत करावी, म्हणजे पलीकडच्या माणसाला समजते.

आता घड्याळाकडे. संभाषण उचलल्यापासून सुमारे ३२ सेकंदांनी तुटत असेल, आणि प्रत्येक वेळी तेवढ्यानेच तुटत असेल, तर तो योगायोग नव्हे. फोन उचलल्याच्या निरोपाची पोच परत यावी लागते. ती न आल्यास किती काळ वाट पाहावी याची मुदत सिपच्या २००२ सालच्या नियमावलीत आहे आणि ती नेमकी ३२ सेकंदांची आहे. पोच वाटेत हरवते, ती बहुधा याच एएलजीपायी किंवा चुकलेल्या पत्त्यापायी. संभाषण बरोबर १५ मिनिटांनी तुटत असेल तर कारण वेगळे. संभाषण जिवंत आहे ना, याची विचारपूस ठराविक अंतराने होत असते. तिची मुदत बहुधा अर्ध्या तासाची धरलेली असते आणि निम्मी मुदत सरताच पहिला निरोप जातो. तो पोचला नाही की दुवा सुटतो. हा तपशील सेवादात्याला सांगितला, तर 'राउटर बंद करून चालू करा' या ठराविक मंत्रापलीकडे त्याला जावे लागते.

तिसरे लक्षण असे. बाहेर फोन केव्हाही लागतो, पण आत येणारा फोन संच चालू केल्यावर काही मिनिटेच लागतो, मग बंद पडतो. येथे कारकुनाच्या वहीतली नोंद पुसली गेली आहे. काही राउटर अशी नोंद अर्ध्या मिनिटातच पुसतात, आणि फोन मात्र हजेरी तासातून एकदाच लावतो. फोनच्या मेनूत 'कीप अलाइव्ह' हा पर्याय चालू करून २० ते ३० सेकंदांचे अंतर द्यावे, अथवा राउटर नोंद काही मिनिटे टिकवीत असेल तर हजेरीची मुदत ३६०० सेकंदांवरून ३०० किंवा त्याहून खाली आणावी.

याला जोडून एक घरगुती गुंता. पुरवठादाराचा पांढरा डबा कोपऱ्यात असतो, त्याची लहर दुसऱ्या खोलीत पोचत नाही, म्हणून आपण बाजारातून आणखी एक राउटर आणून त्यापुढे जोडतो. आता देवडीवर कारकून दोन झाले, आणि दोघांच्या वह्या वेगळ्या. दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' या पद्धतीवर ठेवावे, म्हणजे तो केवळ लहर पसरवितो आणि पत्त्यांच्या कारभारात पडत नाही. गल्लीतल्या लहान पुरवठादारांकडे कधी तिसरा कारकून त्यांच्या केंद्रात बसलेला असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणून दाखविलेला पत्ता १०० ने सुरू होत असून त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर तो आहे असे समजावे. तेथे घरच्या राउटरशी कितीही झटापट केली तरी तिचा मर्यादितच उपयोग होतो. पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागावा.

आवाज तुटतो, खोल विहिरीतून येतो

येथे वाचकांचा सर्वांत मोठा गैरसमज वेगाविषयी आहे. 'आमचे इंटरनेट १०० एमबीपीएसचे आहे' असे अभिमानाने लिहिलेले असते. परंतु एका संभाषणाला, उत्तम प्रतीचा आवाज धरला तरी, जाताना व येताना प्रत्येकी ०.१ एमबीपीएसहून कमीच लागते. वेग हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो तुकडे वेळेवर आणि समान अंतराने येण्याचा. तोंडातून निघालेला शब्द समोरच्या कानी पडण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक उशीर होऊ लागला की माणसे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात.

माझ्याच घरी दर सायंकाळी सातच्या सुमारास आवाज फाटत असे. मी आधी पुरवठादारावर, मग संचावर, मग शेजारच्या बांधकामावर संशय घेतला. अखेरीस आढळले ते असे की, दाराशी बसविलेला कॅमेरा आणि मुलाच्या मोबाइलमधील छायाचित्रे दोन्ही त्याच वेळी आपला साठा बाहेर पाठवीत होती, आणि बाहेर जाण्याची अरुंद वाट त्यांनीच अडवून धरली होती. छायाचित्रांची वेळ मध्यरात्रीनंतरची केली आणि उपद्रव थांबला. राउटरमध्ये 'क्यूओएस' ही सोय असल्यास फोनला त्यात अग्रक्रम द्यावा. वायफायवर चालणारा संच शक्यतो तारेवर आणावा.

बटण दाबूनही यंत्र ऐकत नाही

बँकेचे यंत्र 'एक दाबा' म्हणते, आपण दाबतो, ते पुन्हा तेच म्हणते. फोनच्या मेनूत 'डीटीएमएफ' हा पर्याय शोधून त्यात 'आरएफसी २८३३' निवडावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

मध्यरात्री कोण फोन करते?

पहाटे तीन वाजता १०० किंवा १००० अशा विचित्र क्रमांकावरून घंटा वाजते आणि उचलल्यावर कोणी नसते. हे भूत नव्हे. इंटरनेटवर अहोरात्र फिरणारे शोधक कार्यक्रम ५०६० क्रमांकाचे दार ठोठावीत असतात, आणि कोणाच्या तरी सल्ल्यावरून आपण राउटरमध्ये ते दार फोनसाठी सताड उघडलेले असते. ते बंद करावे; सेवादात्याकडे हजेरी लावणाऱ्या फोनला त्याची बहुधा गरज नसते. फोनमध्ये 'फक्त नोंदलेल्या सर्व्हरकडूनच स्वीकारा' असा पर्याय असल्यास तो निवडावा. संचाचा व्यवस्थापकीय परवलीचा शब्द कारखान्यातलाच असेल तर तो आजच बदलावा. अशा संचातून परदेशी क्रमांकांवर चोरटे फोन होतात आणि बिल खातेदाराच्या नावे येते.

दोष कोणाचा, हे ठरविणारा प्रयोग

पुरवठादार सेवादात्याकडे बोट दाखवितो, सेवादाता पुरवठादाराकडे, आणि दोघे मिळून संचाकडे. त्यांच्या या खो-खोतून सुटण्याचा एक मार्ग आहे. मोबाइलवर सिपचे अ‍ॅप घेऊन त्यात आपल्याच खात्याचा तपशील भरावा, मेजावरचा फोन बंद करावा, आणि वायफाय सोडून मोबाइलच्या डेटावरून बोलून पाहावे. तेथेही तीच रड असेल तर सेवादाता दोषी. तेथे सुरळीत असेल तर तेच अ‍ॅप घरच्या वायफायवर चालवावे. वायफायवर बिघडले तर राउटर वा पुरवठादार, आणि तेथेही चालले तर मेजावरचा संच. मेजावरचा फोन बंद करण्यास विसरू नये. काही सेवादाते एका खात्यावर एकच हजेरी मान्य करतात आणि दोन यंत्रे परस्परांना हुसकावीत राहतात. संच कचेरीचा असेल तर खात्याचा तपशील कचेरीच्या परवानगीशिवाय दुसऱ्या यंत्रात भरू नये.

कारखान्याच्या स्थितीला नेण्याचा उपाय यानंतरच, आणि सेवादात्याकडून सर्व तपशील लेखी हाती आल्यावरच करावा. एका वेळी एकच बदल करावा व तो कागदावर टिपावा.

तक्रार आणि हक्क

इंटरनेटवरून साध्या दूरध्वनीला वा मोबाइलला फोन जोडून देण्याची सेवा आपल्याकडे परवानाधारक दूरसंचार कंपनीनेच द्यावयाची असते. परवाना नसलेल्या स्वस्त सेवेच्या नादी लागल्यास तक्रार दाखल करण्यास दारच उरत नाही, हे क्रमांक घेतानाच ध्यानी घ्यावे. परवानाधारक कंपनीकडे तक्रार करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

- प्रत्येक तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार तो देणे कंपनीवर बंधनकारक आहे. क्रमांकाविना तक्रार म्हणजे बारनिशीत न चढलेला अर्ज.
- निवारण न झाल्यास वा निर्णय अमान्य असल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या मुदतीत अपील करावे. त्यास शुल्क नाही.
- नियामक प्राधिकरण व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही. तेथे अर्ज पाठवून वेळ दवडू नये.
- राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. सेवेसाठी दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगापुढे फी लागत नाही, आणि फिर्याद कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते.

प्रारंभी लिहून काढलेला लक्षणांचा कागद, तारखा व वेळांसह, येथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. '३ तारखेस सकाळी तीन संभाषणे, प्रत्येक ३२ सेकंदांनी तुटले' हे वाक्य 'अत्यंत मनस्ताप झाला' या वाक्याहून वजनदार ठरते.

वीज गेली तर

जुन्या तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी भारनियमनातही बोलत असे, कारण त्याची वीज दूरध्वनी केंद्रातील बॅटरीतून तारेनेच येत असे. नव्या व्यवस्थेत फायबरचा डबा, राउटर आणि फोन या तिघांनाही घरची वीज लागते व तिघांपैकी एक जरी विझला तरी फोन मुका होतो. यूपीएस घेताना केवळ फोनसाठी न घेता तिघांना पुरेल असा घ्यावा. तरीही आणीबाणीच्या प्रसंगी ११२ ला फोन करण्यासाठी या संचावर विसंबू नये. घरात चार्ज केलेला मोबाइल ठेवावा, आणि वैद्यांचे व शेजाऱ्यांचे क्रमांक मेजावर कागदावर लिहून ठेवावेत, कारण संच विझला की त्यातली क्रमांकांची यादीही वाचता येत नाही.